यंत्रावरून वाचणे आणि माणसाशी बोलणे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनातील व्याख्यानासाठी शिक्षण, विवाहातील खर्च, तरुणांनी पत्करावयाचे व्यवसाय, यांपैकी एखादा विषय घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. चिटणीसांनी मात्र मला आग्रह केला की, "ताई, ज्या कामात आपले आयुष्य गेले त्याविषयीच आपण बोला." दूरचित्रवाणीवर निवेदन करणे आणि पुढे नव्या निवेदकांना ते शिकविणे, हे माझे काम होते. त्यातील एका अगदी लहानशा गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे. कॅमेऱ्यासमोर टेलिप्रॉम्प्टरवरून वाचावयाचे, आणि तरीही ऐकणाऱ्याला आपण त्याच्याशी बोलत आहोत असे वाटावयास हवे. हे कसे साधावे, हा तो विषय होय.

हा विषय वृत्तनिवेदकांचा आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न योग्यच ठरला असता. आज तशी स्थिती राहिलेली नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि आपल्यातील कितीतरी शिक्षक-शिक्षिकांना एका रात्रीत कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाकडून पुष्कळदा चित्रमुद्रित परिचय मागविला जातो. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यासाठी परगावची आणि परदेशातील मुलेमुली चित्रफिती पाठवू लागली आहेत. मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीनेही यंदा अर्जदारांकडून दोन-दोन मिनिटांचा परिचय मागविला, आणि त्या चित्रफिती पाहण्याचे काम माझ्याकडे आले. प्रॉम्प्टरचे काम करणारे ॲप आता प्रत्येकाच्या मोबाइलवर फुकट मिळते. म्हणजे एके काळी स्टुडिओत कुलूपबंद असलेले हे साधन घरोघर पोहोचले. ते वापरण्याची विद्या मात्र त्याच्याबरोबर पोहोचली नाही.

प्रथम या यंत्राचा थोडा इतिहास सांगते. आपल्या नाटकमंडळ्यांत विंगेत संहिता घेऊन बसणारा प्रॉम्प्टर असे. नट अडखळला की तो हलक्या आवाजात पुढचा शब्द पुरवी; आणि कधी कधी तो शब्द नटाच्या आधी पहिल्या रांगेतील प्रेक्षकालाच ऐकू जाई! अमेरिकेत दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा नटांपुढे हीच अडचण अधिक बिकट स्वरूपात उभी राहिली. रोज नवा भाग, रोज नवे संवाद, आणि सारे काही थेट प्रक्षेपित व्हावयाचे. फ्रेड बार्टन नावाच्या नटाला कल्पना सुचली की, संवाद मोठ्या अक्षरांत लिहून ते डोळ्यांसमोरून सरकत नेता आले तर किती बरे होईल. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपटसंस्थेतील आयर्विंग कान यांनी ती कल्पना उचलून धरली आणि ह्यूबर्ट श्लॅफ्ली या अभियंत्याने यंत्र तयार केले. एका पेटीत कागदाची लांबलचक गुंडाळी, ती फिरविणारी मोटर, आणि वेग कमीजास्त करणारा एक माणूस, एवढाच त्याचा संसार होता. डिसेंबर १९५० मध्ये सी. बी. एस. वाहिनीवरील 'द फर्स्ट हंड्रेड यिअर्स' या मालिकेसाठी ते प्रथम वापरले गेले. दोनच वर्षांत, १९५२ साली, ते अमेरिकेतील राजकीय पक्षांच्या अधिवेशनांत पोहोचले. नटासाठी जन्मलेले साधन पुढाऱ्यांनी किती तत्परतेने आपलेसे केले पाहा!

या पहिल्या यंत्रात एक मोठा दोष होता. कागदाची पेटी कॅमेऱ्याच्या शेजारी असे, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर प्रेक्षकाच्या कानाजवळून जात असल्यासारखी दिसे. 'आय लव्ह लुसी' या गाजलेल्या मालिकेचे निर्माते जेस ऑपेनहायमर यांनी १९५०च्या दशकातच यावर तोड काढली. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पंचेचाळीस अंशांत एक अर्धपारदर्शक काच तिरपी बसवावयाची आणि अक्षरांचे प्रतिबिंब तिच्यावर पाडावयाचे. वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात. काचेमागच्या कॅमेऱ्याला ती दिसत नाहीत, त्याला फक्त वाचणारा दिसतो. आजही स्टुडिओतील यंत्र याच तत्त्वावर चालते. कागदाच्या गुंडाळीची जागा काचेखाली आडव्या ठेवलेल्या पडद्याने घेतली आहे, एवढाच फरक. त्या पडद्यावर अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी उमटवितात, म्हणजे काचेवर ती सुलटी दिसतात. आणि काचेमागे काळे कापड लावतात, म्हणजे मागचा उजेड काचेवर येत नाही. सभेत वक्त्याच्या डाव्या-उजव्या हाताला उंच दांड्यांवर ज्या काचा दिसतात, त्यांची रचनाही हीच. आपल्याला त्या आरपार दिसतात. वक्त्याला त्यांवर भाषण दिसत असते.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळातील बातम्या आठवणारी पुष्कळ मंडळी येथे आहेत. पुढे अभिनेत्री म्हणून देशाला परिचित झालेल्या स्मिता पाटील तेव्हा मराठी बातम्या वाचीत. प्रदीप भिडे यांचा आवाज तर दोन पिढ्यांच्या कानांत आहे. समोर कागद असे. निवेदक खाली पाहून वाक्य उचलीत आणि मान वर करून ते आपल्याला देत. ते वाचीत आहेत हे लपलेले नव्हते, आणि लपविण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती. मुद्दा नीट लक्षात घ्यावा: कागद हातात असूनही ते आपल्याशी बोलत आहेत असे आपल्याला वाटे. याचा अर्थ, स्वाभाविकपणा हा यंत्राने मिळणारा गुण नाही. यंत्र फार तर मान खाली घालण्याचा त्रास वाचविते.

आता प्रत्यक्ष विद्येकडे वळू. तिचे तीन भाग मी करते: डोळे, लेखन आणि आवाज.

डोळ्यांचा भाग सर्वांत सोपा, कारण तो भूमितीचा आहे. वाचताना आपला डोळा सरळ रेषेत घसरत जात नाही. तो टप्प्याटप्प्याने उड्या घेत जातो. ओळ जितकी लांब, तितक्या या उड्या दूरवर जातात आणि प्रेक्षकाला बुबुळे हलताना दिसतात. ते दिसले की त्याचे मन शब्दांवरून उडते. समजा, ओळीची रुंदी वीस सेंटिमीटर आहे आणि आपण दीड मीटरवर उभे आहोत. तर डोळ्यांना सुमारे साडेसात अंशांतून फिरावे लागते. तेच आपण तीन मीटरवर गेलो, तर हा कोन निम्म्यावर, म्हणजे पावणेचार अंशांवर येतो. म्हणून दोन नियम: कॅमेऱ्यापासून शक्य तितके दूर राहावे, आणि मजकुराचा स्तंभ अरुंद ठेवावा. एका ओळीत तीन-चार शब्द पुरेत. अक्षर मोठे असावे, कारण डोळे बारीक करून वाचणारा मनुष्य रागावलेला दिसतो.

घरी अर्धपारदर्शक काच नसते. साधी काच लावली तर प्रतिबिंब फिकट पडते, आणि काचेच्या दोन्ही पृष्ठांवरून परावर्तन होत असल्याने अक्षरे दुहेरी दिसतात. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी: संगणकावर मजकुराची चौकट लहान करून ती पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या लगत सरकवावी, आणि खुर्ची नेहमीपेक्षा हातभर मागे घ्यावी. शिष्यवृत्तीच्या चित्रफितींत निम्म्याहून अधिक मुलांची नजर खाली होती, ती केवळ मजकूर पडद्याच्या तळाशी असल्यामुळे. मुलगा विनयशील असतो. पाहणाऱ्याला मात्र तो काहीतरी लपवीत आहे असे वाटते. एवढ्याशा कारणाने त्याच्यावर केवढा अन्याय होतो!

आणखी एक गोष्ट. लक्षपूर्वक वाचताना मनुष्य पापण्या कमी लववितो. त्यामुळे चेहरा चित्रासारखा निश्चल होतो. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी क्षणभर थांबावे, अक्षरांवरून मन काढून घ्यावे. पापण्या आपोआप लवतील. हसण्याची, मान डोलविण्याची किंवा हात हलविण्याची जागा मात्र मजकुरात लिहून ठेवू नये. लिहून ठेवलेले हसू ओठांवरच राहते, डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

दुसरा भाग लेखनाचा. माझा अनुभव असा की, ज्याला आपण वाचनातील दोष समजतो त्यातील बहुतेक दोष लेखनातील असतात. त्यातही आपल्या मराठीची एक विशेष अडचण आहे. ती इंग्रजी पुस्तकांत सांगितलेली नसते, म्हणून थोडी विस्ताराने मांडते.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकार त्याच्याही नंतर येतो. कागदावर संपूर्ण वाक्य डोळ्यांपुढे असते, त्यामुळे अडचण होत नाही. प्रॉम्प्टरवर मात्र एका वेळी चार-पाच तोकड्या ओळी दिसतात. वाक्य लांब असेल, तर ते विधान आहे, प्रश्न आहे की नकार आहे, हे ठाऊक नसतानाच वाचणाऱ्याला आरंभ करावा लागतो. उदाहरणार्थ हे वाक्य ऐका: "मंडळाच्या कार्यकारिणीने सभासदांच्या वार्षिक वर्गणीत पुढील वर्षापासून वाढ करण्याचा प्रस्ताव सर्वांशी विचारविनिमय करून अखेर मान्य केला नाही." (हशा) आपण हसलात, कारण 'केला' म्हणेपर्यंत आपण खिशाकडे हात नेला होता! वाचणाऱ्याचीही तीच गत होते. 'मान्य केला' येथे त्याचा स्वर खाली येऊन वाक्य संपते, आणि मग वरच्या ओळीमागून एक 'नाही' हळूच सरकत येतो. तो कसाबसा वाक्याला जोडला जातो. आता तेच असे लिहा: "वर्गणी वाढणार नाही. तसा प्रस्ताव आला होता. कार्यकारिणीने सर्वांशी विचारविनिमय केला आणि तो फेटाळला." अर्थ तोच, पण वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्याचा शेवट आरंभीच दिसतो, म्हणून त्याचा स्वर चुकत नाही. नियम असा करावा की, जे वाक्य एका दृष्टिक्षेपात मावत नाही ते मोडावे.

ओळ कोठे तोडावी हाही विचार हवा. यंत्र जागा संपली की ओळ तोडते. त्याला अर्थ कळत नाही. 'नाही', 'का', 'पाहिजे', 'नये' हे शब्द पुढच्या ओळीत एकटे पडू देऊ नयेत. नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत, असेही होऊ देऊ नये. जेथे श्वास घ्यावयाचा तेथे ओळ संपवावी; म्हणजे निराळी खूण लागत नाही.

आकडे नेहमी अक्षरांत लिहावेत. एकपासून शंभरपर्यंत मराठीत जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव स्वतंत्र आहे. सरकत्या पडद्यावर '२,७९,५६०' समोर आले की, भला भला निवेदक एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यामध्ये लोंबकळतो. 'दोन लाख एकोणऐंशी हजार पाचशे साठ' असे लिहिले तर तो सुखाने पार होतो. अचूक आकड्याची गरज नसेल तेथे 'जवळजवळ दोन लाख ऐंशी हजार' म्हणावे. ऐकणाऱ्याच्याही ते लक्षात राहते.

च, ज, झ या अक्षरांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार आहेत, आणि लिपी ते वेगळे दाखवीत नाही. 'जरा थांबा' यातील जरा आणि 'जरा म्हणजे वार्धक्य' यातील जरा, लिहिण्यात एक, बोलण्यात दोन. परिचित मजकुरात आपण चुकत नाही. परक्या गावाचे किंवा व्यक्तीचे नाव आले की चुकतो. अशा अक्षराखाली आपल्यापुरते एक टिंब द्यावे. आणि व्यक्तीचे नाव असेल, तर तिला किंवा तिच्या घरच्यांना उच्चार आधी विचारून घ्यावा. आपले नाव कोणी चुकीचे उच्चारले की किती टोचते, हे परप्रांतात राहिलेल्या सभासदांना सांगावयास नको.

शेवटचे, 'च', 'ही', 'तर' ही आपली लहान अव्यये. "मीच गेलो" आणि "मी गेलोच" यांत केवढे अंतर आहे! बोलताना या अक्षरांकडे आवाज आपोआप धावतो. वाचताना ती सपाट होऊन जातात. मजकूर तयार झाला की त्यांच्याखाली रेघ ओढावी.

हे सारे साधण्याचा एक सोपा मार्ग मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. आधी लिहू नका, आधी बोला. घरातील एखाद्या माणसाला समोर बसवून सांगावयाचे ते सांगा, ते मुद्रित करा, आणि मग ऐकून लिहून काढा. मग त्यातील पुनरुक्ती काढा, राहिलेले भरा. असा मजकूर वाचला की तो बोलल्यासारखा होतो, कारण तो मुळात बोललेलाच असतो.

आता तिसरा भाग, आवाज. मोठ्याने वाचताना डोळा आवाजाच्या थोडा पुढे चालत असतो. हे अंतर हीच वाचकाची पुंजी होय. ते मिटले, आणि डोळा ज्या शब्दावर आहे तोच शब्द तोंडातून येऊ लागला, की वाचन सपाट होते. नवशिका घाबरला की पहिल्याप्रथम हेच अंतर मिटते. कारण त्याला वाटते, अक्षरे पळून चालली आहेत. म्हणून स्टुडिओतील पहिला धडा हा असतो की, यंत्राने माणसामागे जावयाचे, माणसाने यंत्रामागे नाही. यंत्र चालविणारा सहकारी निवेदकाचा श्वास ऐकत असतो; निवेदक थांबला की तो थांबतो. घरी हे काम बहिणीला किंवा भावाला द्यावे. आवाज ऐकून ओळी सरकविणारी काही ॲप आहेत. पण ठरावीक वेगाने मजकूर पळविणारे ॲप वापरावयाचेच झाले, तर वेग आपल्या बोलण्याहून किंचित कमी ठेवावा. इंग्रजी बातम्यांसाठी सेकंदाला तीन शब्द असे एक ढोबळ माप प्रचलित आहे. ते मराठीला जसेच्या तसे लावू नये. आपली विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे शब्द लांब असतात. एक मिनिट वाचून, शब्द मोजून, प्रत्येकाने आपले माप आपण काढावे.

ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. श्रावणात किंवा चातुर्मासात घरोघर पोथी वाचली जाई. वाचणाऱ्या आजीचे डोळे पोथीवर असत, पण ओवी संपली की ती वर पाही; कोण पेंगले, कोणाला अर्थ लागला नाही, हे तिला कळे आणि त्याप्रमाणे ती थांबे. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तिला तोंडपाठ असे, तरी पोथी समोर असे. अलीकडच्या काळात पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांचे वाचन केले, तेव्हा सभागृहे भरली. समोर लेखन असणे आणि समोरच्या माणसाशी जिव्हाळा असणे यांत विरोध नाही, हे आपल्या भाषेने केव्हाच सिद्ध केले आहे. विरोध येतो तो ऐकणारा समोर नसतो म्हणून. कॅमेऱ्याला चेहरा नसतो. तो पेंगत नाही आणि हसतही नाही. म्हणून वाचणाऱ्याने एक माणूस मनाशी ठरवावा. 'तमाम प्रेक्षक' अशी व्यक्ती जगात नाही. आपली मावशी, आपला शेजारी, आपला धाकटा भाऊ, यांपैकी कोणी एक त्या काचेमागे बसला आहे असे समजून त्याला सांगावे. आवाजाची पट्टी लगेच उतरते आणि शब्दांना वजन येते.

येथे मला एका नाजूक विषयाला स्पर्श करावयाचा आहे. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे दोन-तीन पिढ्यांमागे गावाकडून शहरात आली. आपल्या आजोबा-पणजोबांची बोली पुस्तकी नव्हती. 'ण'च्या ठिकाणी 'न' म्हटला म्हणून वर्गात हसू झालेली माणसे या सभागृहात आहेत; मीही त्यांच्यातील एक आहे. शिष्यवृत्तीच्या त्या चित्रफितींत एका खेड्यातील मुलाची चित्रफीत होती. दोन मिनिटे तो एका चमत्कारिक, ताठ, उसन्या आवाजात वाचीत होता. प्रत्येक 'ण' त्याने इतक्या भीतीने उच्चारला होता की, वाक्याचा अर्थ कोठल्या कोठे राहिला. वाचून संपले, मुद्रण बंद करण्यापूर्वी त्याने मागे वळून हाक मारली, "आई, झालं बग!" त्या तीन शब्दांत तो मुलगा मला दिसला. मोकळा, आनंदी, आईला आपले काम दाखवू पाहणारा. समितीने ज्याला शिष्यवृत्ती द्यावयाची तो हाच मुलगा, आणि नेमका तोच त्या दोन मिनिटांत दडून राहिला होता.

प्रमाण भाषा शिकू नये असे माझे म्हणणे नाही. मी ती शिकले, तिच्यावर माझे पोट चालले. दूरवरच्या सर्वांना कळावी यासाठी बातमीची भाषा एक असणे आवश्यकच आहे. पण स्पष्ट बोलणे आणि आपले बोलणे लपविणे या दोन भिन्न गोष्टी होत. शब्द पुरता उच्चारावा, शेवट गिळू नये, श्वास योग्य जागी घ्यावा, हे कोणत्याही बोलीत करता येते. स्वतःचा परिचय द्यावयाचा आहे, तर तो स्वतःच्या आवाजात द्यावा. आपल्या मुलांना कॅमेऱ्यासमोर उभे करताना 'नीट बोल' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी काय ऐकावे अशी आपली इच्छा असते? 'सावकाश आणि स्पष्ट बोल' असे की 'आपल्या घरातल्यासारखे बोलू नकोस' असे? पालकांनी याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले आहे की, वाचून दाखवावयाचे आणि बोलल्याचा आव आणावयाचा, ही लबाडी नाही का? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, शब्द आपले असतील आणि ऐकणाऱ्याची फसवणूक होत नसेल, तर ती लबाडी नाही. धडा अचूक असावा म्हणून शिक्षकाने वाचावा, हिशेब चुकू नये म्हणून खजिनदारांनी वाचावा, यात गैर काही नाही. परंतु नोकरीच्या मुलाखतीत पडद्याच्या कोपऱ्यात दुसऱ्याने पुरविलेली उत्तरे ठेवून ती वाचावयाची, ही निखालस लबाडी होय. मुलाखत घेणाऱ्याला उत्तर नको असते, त्याला तुम्ही हवे असता. वधू-वर परिचयातही माझे हेच सांगणे आहे. चार मुद्दे कागदावर लिहून घ्यावेत आणि आपल्या शब्दांत बोलावे. ज्या व्यक्तीशी आयुष्य काढावयाचे तिला सुंदर वाक्ये ऐकवून पुढे कोणाचे भले होणार आहे? आणि सांत्वनाचा निरोप असेल, तर यंत्र मुळीच नको. तेथे अडखळणे हेच बोलणे असते.

यंत्रावर अति विसंबण्यात आणखी एक धोका आहे. २२ सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन हे आरोग्यसेवेच्या योजनेवर संसदेच्या संयुक्त बैठकीपुढे बोलावयास उभे राहिले, आणि त्यांच्या समोरच्या काचांवर त्याच वर्षी फेब्रुवारीत केलेले जुनेच भाषण झळकू लागले! साऱ्या देशाचे डोळे त्यांच्यावर होते. साहाय्यकांनी धावपळ करून योग्य मजकूर लावीपर्यंत ते कित्येक मिनिटे तसेच बोलत राहिले, आणि ऐकणाऱ्यांना काही कळले नाही. हे त्यांना का जमले? विषय त्यांच्या डोक्यात होता, केवळ काचेवर नव्हता. म्हणून मुद्रित कागद सदैव हाताशी असावा, आणि भाषणातील पाच मुद्दे तरी तोंडपाठ असावेत. ज्याला यंत्रावाचून बोलता येते त्यालाच यंत्र शोभते.

अभ्यासासाठी एवढे करावे. दोन मिनिटांचा मजकूर घ्या. तो तीन वेळा मोठ्याने वाचा. जेथे तीनही वेळा अडखळलात ते वाक्य बदला, जीभ बदलण्याच्या भरीस पडू नका. मग मुद्रण करा. ते प्रथम आवाज बंद करून पाहा, म्हणजे डोळ्यांचे दोष दिसतील. मग पडद्याकडे पाठ करून ऐका, म्हणजे आवाजाचे कळतील. शेवटी ते घरातील सर्वांत वृद्ध माणसाला ऐकवा आणि काय कळले ते विचारा. त्यांना कळले तर सर्वांना कळेल.

समारोप करण्यापूर्वी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, शिष्यवृत्तीचे अर्ज मागविण्यापूर्वी दरवर्षी एक रविवार विद्यार्थ्यांना या अभ्यासासाठी द्यावा. शिकविण्यास मी विनामूल्य येईन, आणि परगावच्या मुलांना दूरस्थ पद्धतीने शिकवीन. दुसरी सूचना अधिक तातडीची आहे. आपल्या ज्ञातीतील ऐंशी-नव्वदीच्या मंडळींना त्यांचे गाव, त्यांचे कष्ट, शहरातील पहिली खोली, पहिली नोकरी हे सारे आठवते. ते त्यांच्याच बोलीत चित्रमुद्रित करून ठेवावे. या कामाला प्रॉम्प्टर लागत नाही. समोर बसून मनापासून ऐकणारे एक नातवंड लागते. कॅमेऱ्यासमोर कसे बोलावे याचे याहून चांगले पाठ आपल्या तरुणांना कोठे मिळणार?